टेबलावरचं काम काढून घेतात तेव्हा

मी बरीच वर्षं आस्थापना शाखेत काम केलं. रजा, वेतनवाढ, बदली, गोपनीय अहवाल यांच्या फायलींबरोबर तिथे तक्रारअर्जही येतात. त्यातल्या कितीतरी अर्जांत एक वाक्य ठरलेलं असतं, 'वरिष्ठ मला मानसिक त्रास देत आहेत.' हे वाक्य बहुतेक वेळा खरं असतं आणि बहुतेक वेळा निरुपयोगी ठरतं. चौकशी अधिकारी विचारतात, नेमकं काय केलं? अर्जदार एखादा प्रसंग सांगतो. बैठकीला बोलावलं नाही. टपाल दिलं नाही. नमस्काराला उत्तर दिलं नाही. ऐकताना ते इतकं किरकोळ वाटतं की सांगणाराच ओशाळतो. 'एवढंच ना?' म्हणून फाईल मिटते.

कामाच्या ठिकाणचा छळ असा एका प्रसंगात हाती लागत नाही. सुट्या प्रसंगाला नेहमीच एक सरळ स्पष्टीकरण असतं: साहेब घाईत होते, निरोप पोचला नाही, काम दुसऱ्याकडे सोपवणं सोयीचं होतं. सहा महिन्यांचे प्रसंग तारखेनुसार एकाखाली एक लिहिले की मग ती स्पष्टीकरणं टिकत नाहीत.

घरात आपल्याला हे बरोबर ओळखता येतं. सुनेला वाढताना हात आखडायचा, तिच्या भाजीला नावं ठेवायची, पाहुण्यांसमोर तिचं माहेर काढायचं. यातलं एकेक घेतलं तर पोलीस ठाण्यात सांगण्याजोगं काहीच नसतं. तरीही शेजारणींना चार दिवसांत कळतं, त्या घरात सासुरवास आहे. 1983 साली भारतीय दंड संहितेत 498-अ कलम आलं आणि मारहाण नसली तरी क्रूरता असू शकते हे कायद्यानेही मानलं. मग तेच कचेरीत घडलं की आपण 'नोकरी म्हटली की ऐकून घ्यावंच लागतं' असं का म्हणतो? मला हे कधीच पटलं नाही.

एका वरिष्ठ लिपिकाचं सांगते. सेवानिवृत्तिवेतनाची प्रकरणं ते बघायचे आणि फार चोख बघायचे. एका प्रकरणात नियमाला सोडून शेरा लिहायला त्यांनी नकार दिला. त्यावर कुणी आवाज चढवला नाही. पुढच्या आठवड्यात ते टेबल दुसऱ्याकडे गेलं. मग त्यांची खुर्ची अभिलेख कक्षाच्या दाराशी हलली, 'रंगकाम आहे, तात्पुरतं' म्हणून. रंगकाम झालं, खुर्ची तिथेच राहिली. रोज पावणेदहाला येऊन ते हजेरीपटावर सही करत आणि आधीच लावून ठेवलेले जुने गठ्ठे सोडून पुन्हा बांधत. लाल फडक्याची गाठ मारून झाली की दोन्ही तळवे गठ्ठ्यावर ठेवून थोडा वेळ तसेच बसत. हळूहळू डब्याला सोबत बसणारेही उठून दुसरीकडे गेले. साहेबांची मर्जी कुठे आहे हे कचेरीत सांगावं लागत नाही. एकदा ते मला म्हणाले, "मॅडम, ओरडले असते तर बरं झालं असतं. निदान काय चुकलं ते कळलं असतं."

त्यांनी शाळकरी दोनशेपानी वहीत नोंदी ठेवायला सुरुवात केली. 'दि. 4. सव्वाअकरा. सर्वांना टपाल वाटले. मला नाही. विचारले, तर "तुम्ही बसा." समोर तिघे होते.' नोंद एवढीच. कुठे विशेषण नाही, रडगाणं नाही. सगळी वही वाचून झाल्यावर 'एवढंच ना?' म्हणायची कुणाची छाती झाली नाही. त्यांना टेबल परत मिळालं. डब्याची मंडळी मात्र सगळी परत आली नाहीत.

हे नुसतं माझं निरीक्षण नाही. मूळचे जर्मन आणि स्वीडनमध्ये काम केलेले मानसशास्त्रज्ञ हाइन्झ लेमान यांनी 1980च्या दशकात नोकरीतल्या छळाचा पद्धतशीर अभ्यास केला. त्यांनी अशा वागणुकीचे 45 प्रकार नोंदवले. बोलू न देणं, वाळीत टाकणं, अफवा उठवणं, निरर्थक काम देणं आणि कामच न देणं हे सगळे त्यात आहेत. त्यांची कसोटी वारंवारतेची होती: आठवड्यातून निदान एकदा आणि निदान सहा महिने. मला ती पटते, कारण कडक साहेब आणि छळणारा साहेब यांतला फरक तिथेच कळतो. कडक साहेब चुकीवर बोलतो, सगळ्यांना सारखाच बोलतो आणि चूक दुरुस्त झाली की विषय संपतो. छळणाऱ्याचा विषय संपतच नाही, कारण त्याचा विषय काम नसतो, माणूस असतो. तो माणूस कोण असावा हेही पुष्कळदा आधीच ठरलेलं असतं. आपल्याकडे 'कोट्यातून आलेत' ही कुजबुज नव्या अधिकाऱ्याच्या आधी त्याच्या खोलीत पोचते, आणि मग हाताखालची माणसंही फायली अडवून वरिष्ठाला हैराण करू शकतात.

कधी कधी यामागे एका माणसाचा द्वेषही लागत नाही, धोरण पुरतं. फ्रान्स टेलिकॉम या कंपनीने 2006 पासून तीन वर्षांत 22,000 माणसं कमी करायचं ठरवलं. बहुतेकांना सरकारी नोकरांचं संरक्षण असल्यामुळे त्यांना काढून टाकता येत नव्हतं. म्हणून त्यांनी आपणहून जावं असं वातावरण तयार केलं गेलं: सक्तीच्या बदल्या, वर्षानुवर्षांचं काम काढून घेणं, पायरी उतरवणं. लोक दारातून जातील नाहीतर खिडकीतून, असं प्रमुख दिदिए लोंबार वरिष्ठांच्या बैठकीत बोलले होते. पुढे न्यायालयासमोर 39 कर्मचाऱ्यांची प्रकरणं आली, त्यांपैकी 19 जणांनी आत्महत्या केली होती. डिसेंबर 2019 मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने कंपनीला आणि लोंबार यांच्यासह वरिष्ठांना दोषी ठरवलं आणि जानेवारी 2025 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने लोंबार यांची दोषसिद्धी कायम केली. एखाद्या संस्थेचं धोरणच छळ ठरू शकतं, हे त्या निकालाने मान्य केलं. फ्रान्समध्ये नोकरीतल्या मानसिक छळाविरुद्ध 2002 पासून कायदा होता, म्हणून हे शक्य झालं.

आपल्याकडे 2013 चा कायदा आहे, पण तो स्त्रियांच्या लैंगिक छळापुरता. महाराष्ट्राने 1971 च्या कामगार कायद्यात वाईट हेतूने केलेली बदली ही अनुचित कामगार प्रथा ठरवली. हे मोठंच पाऊल होतं, पण त्याचा आधार कामगारांना, व्यवस्थापकीय पदावरच्यांना नाही. जातीवरून अपमान झाला तर अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. यांतल्या कशातच न बसणाऱ्या, नुसतंच रोज थोडं थोडं खच्ची केल्या जाणाऱ्या माणसासाठी स्वतंत्र कायदा नाही. तो व्हायला हवा. ही मागणी कर्मचारी संघटनांनी महागाई भत्त्याच्या मागणीइतक्याच जोराने लावून धरायला हवी.

तोवर जे आपल्या हातात आहे ते तरी करू या. तुमच्यावर ही वेळ आली असेल, तर आजच एक वही घाला. तारीख, वेळ, जागा, बोललेले शब्द जसेच्या तसे आणि समोर कोण होतं, एवढंच लिहा. तोंडी सूचना मिळाली की त्याच दिवशी 'आपल्या सूचनेनुसार' अशी सुरुवात करून ती लेखी कळवा. अर्ज दिला की पोच घ्या. वही घरी ठेवा, कचेरीच्या ड्रॉवरमध्ये नको. झोप उडाली असेल, रविवारी संध्याकाळपासून पोटात गोळा येत असेल, तर डॉक्टरांकडे जा आणि कारणही सांगा.

आणि तुमच्यावर वेळ आलेली नसेल, पण अभिलेख कक्षाच्या दाराशी कुणाची खुर्ची हललेली तुम्हाला दिसत असेल, तर उद्या डबा घेऊन त्यांच्याशेजारी जाऊन बसा. चौकशीत 'समोर कोण होतं?' असं विचारतील तेव्हा तुमचं नाव घ्यायची परवानगी त्यांना आत्ताच देऊन ठेवा.