पूर्वेकडचा किब्ला

आमच्या घरी लहानपणापासून एक शिस्त होती. पश्चिमेकडे पाय करून झोपायचे नाही. झोपेत कोणी फिरले तर अम्मी उठवून सरळ करायची. त्याच सवयीने पारामारिबोतल्या पहिल्या रात्री मी पाय पूर्वेला केले, तर दारात उभा असलेला माझा दोस्त हसून म्हणाला, "मास्टर, काबा तिकडेच आहे!"

पारामारिबो ही दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामची राजधानी. माझा धाकटा भाऊ हॉलंडमध्ये हेग शहरात राहतो. हा दोस्त त्याचा शेजारी, पण जन्म पारामारिबोचा. उन्हाळ्यात गावी निघाला तेव्हा मलाही सोबत घेऊन गेला.

त्याचा पणजा बस्ती जिल्ह्यातून आलेला. डच सरकारने 1863 साली गुलामगिरी बंद केली, पण सुटलेल्यांना आणखी दहा वर्षे मळ्यांवर राबवले. ती मुदत संपली त्याच वर्षी, 1873 मध्ये, कलकत्त्याहून 'लल्ला रूख' जहाज मजूर घेऊन आले. 1916 पर्यंत सुमारे चौतीस हजार माणसे आली. पाच वर्षांचा करार, त्यानंतर परतीचा प्रवास फुकट. तरी बरेच जण परतले नाहीत. त्यांच्या बोलीला सरनामी म्हणतात. मी उर्दूचा शिक्षक, वाटले होते सहज जमेल. कसले काय! दोस्त आजोबांना 'आजा' आणि आजीला 'आजी' म्हणाला, तेव्हा उर्दूपेक्षा मराठीच कामी आली.

सकाळी शहर पाहायला निघालो. वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात. जुन्या वस्तीत खाली विटांचे जोते, वर पांढऱ्या लाकडी भिंती आणि हिरव्या झडपा. 1821 आणि 1832 च्या आगींत बरेच शहर जळाले, तरी लोकांनी पुन्हा लाकडाचीच घरे बांधली. मोठे कॅथेड्रलही लाकडाचेच. आतल्या लाकडाला रंगसुद्धा दिलेला नाही. कायझरस्ट्राट रस्त्यावर यहुद्यांचे प्रार्थनागृह आणि त्याला लागून मशीद. प्रार्थनागृहाच्या जमिनीवर वाळू पसरलेली. मशीद लाहोरी अहमदिया जमातीची, त्यामुळे दोस्त तिथे नमाज पढत नाही. पण ईदची सुट्टी साऱ्या देशाला असते, हे त्याने अभिमानाने सांगितले.

संध्याकाळी तो मला सासऱ्यांकडे घेऊन गेला. सासरे जावी वंशाचे. 1890 पासून डचांनी जावा बेटावरूनही मजूर आणले. जावाहून काबा पश्चिमेला, म्हणून ते इथेही पश्चिमेकडेच तोंड करून नमाज पढत राहिले. पुढे काहींनी किब्ला पूर्वेला केला, त्यावरून वाद झाले. आजही दोन्ही दिशांच्या मशिदी आहेत.

मगरिबची वेळ झाली. म्हाताऱ्या सासऱ्यांनी जानमाज पश्चिमेकडे अंथरली. माझ्यातला मास्तर जागा झाला. खिशातून फोन काढला, होकायंत्र उघडले. इथून मक्का पूर्वेला, जरा उत्तरेकडे, हे दोन मिनिटांत दाखवून दिले असते. दोस्ताने माझ्या हातावर हात ठेवला.

"त्यांना माहीत आहे," तो हळूच म्हणाला. "माझ्या निकाहच्या वेळी आमच्या मौलवींनी सांगितले होते. म्हणाले, माझ्या बापाने याच दिशेला सजदा केला."

मसला आपल्या जागी आहे, त्यात मला शंका नाही. आम्ही दोघांनी पूर्वेकडे जानमाज घातली. एकाच खोलीत आमच्या पाठी त्यांच्या पाठीकडे होत्या. सजद्यात मला अब्बा मरहूम आठवले. फजरनंतर ते मोठ्या आवाजात कुरआन पढत. मी नुकताच बीएड होऊन आलो होतो. एके दिवशी सगळ्यांसमोर त्यांना टोकले, "अब्बा, मखरज चुकतोय." ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मनातल्या मनात पढू लागले. अम्मीने एकदा विचारलेही, आवाज का येत नाही म्हणून. घसा बसलाय, म्हणाले. तो आवाज मी पुन्हा ऐकला नाही.

सलाम फेरून मागे वळलो तर म्हातारे अजून दुआ मागत होते. आम्ही थांबलो. मग त्यांनी 'साओतो' नावाचे कोंबडीचे गरम सूप वाढले आणि जावयाकरवी मला विचारले, तुमच्या गावी काबा कुठल्या दिशेला?

"पश्चिमेला," मी म्हणालो.

ते खूश झाले आणि माझ्या वाडग्यात आणखी एक अंडे टाकले.