सेंट हेलेना बेटावरची गाणी

ब्यूफर्ट सोडलं की रस्ता पुलांवरून एकेका बेटाला शिवत जातो. दोन्ही हातांना खाजणं आणि भरतीच्या पाण्यात उभं गवत. साउथ कॅरोलायनातल्या या सेंट हेलेना बेटावर पूर्वी होडीनेच यावं लागे आणि वल्ही गुलामांच्या हातात असत. ‘मायकेल, रो द बोट अशोर’ हे पुढे जगभर गेलेलं गाणं यादवी युद्धाच्या काळात इथेच टिपलं गेलं.

बेटावर ‘प्रेज हाउस’ नावाच्या प्रार्थनेच्या खोल्या अजून उभ्या आहेत. पांढऱ्या फळ्यांच्या, इतक्या लहान की पंचवीस माणसं आली तर दाटी व्हावी. १७३९च्या स्टोनो उठावानंतर इथल्या कायद्याने गुलामांच्या ढोलांवर बंदी आणली. ताल मग टाळ्यांत आणि फळ्यांवर घासणाऱ्या पावलांत उतरला.

या गाण्यांत पळून जाण्याचे नकाशे दडले होते, असं पर्यटकांना हौसेने सांगितलं जातं. माझा त्यावर फारसा विश्वास नाही. तशा कथांचे पुरावे बहुतेक विसाव्या शतकातले. पण दुहेरी अर्थ खोटा नव्हता. स्वतः गुलामीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लसने १८५५मध्येच लिहून ठेवलं आहे की, त्यांच्या गाण्यातला कनान देश म्हणजे अमेरिकेचा उत्तर भाग. आणि तो अर्थ मालकांनाही कळू लागला होता. युद्ध सुरू होताच जॉर्जटाउनमध्ये, आपण लवकरच मुक्त होऊ अशा आशयाचं भजन गायलं म्हणून काळ्यांना तुरुंगात टाकलं गेलं. गोऱ्यांना वाटतं की गाण्यातला प्रभू म्हणजे उत्तरेचं सैन्य, असं एका ढोलकऱ्या पोराने कर्नल हिगिन्सनला सांगितलं. हे सांगताना तो हसत होता म्हणे!

हा हिगिन्सन काळ्या सैनिकांच्या पलटणीचा गोरा अधिकारी. रात्री शेकोटीभोवती गाणी रंगली की तो अंधारात, खिशात हात घालून शब्द उतरवून घेई.

परतताना पोर्ट रॉयलला त्याच्या छावणीची जागा पाहिली. १ जानेवारी १८६३ला इथे मुक्तीची घोषणा वाचली गेली. हिगिन्सनने निशाण हाती घेतलं आणि कार्यक्रमात नसताना एका म्हाताऱ्याने चिरक्या आवाजात गायला सुरुवात केली. दोन बायकांनी साथ दिली. व्यासपीठावरचे गोरेही गाऊ लागले, तेव्हा हिगिन्सनने त्यांना गप्प केलं. गाणं भजन नव्हतंच. ‘माय कंट्री, टिस ऑफ दी’ हे देशगीत होतं.