निहलानींचं देणं

गोविंद निहलानींना मी कधी भेटलेलो नाही. तरीही ज्या घरात मी उमेदीची वर्षं काढली, त्या घरातल्या माणसांशी माझी खरी ओळख त्यांनी करून दिली. ते घर पानिपतात होतं. हे देणं मोठं आहे आणि आता, वयाची पासष्टी आल्यावर, ते नावानिशी सांगावंसं वाटतं.

मी सोलापूरचा. घरात माग, दारात लडी वाळत घातलेल्या, आणि वडिलांची बोटं कायम कुठल्या तरी रंगाने माखलेली. त्यांच्याच इच्छेने माटुंग्याला यूडीसीटीत रंग आणि कापडाचं रसायन शिकलो. तिथे असताना 'आक्रोश' पाहिला. १९८० चा चित्रपट, निहलानींचं पहिलं दिग्दर्शन, पटकथा विजय तेंडुलकरांची. ओम पुरींचा लहान्या भिकू बायकोच्या खुनाच्या आरोपाखाली तुरुंगात आहे आणि तो बोलतच नाही. वकील भास्कर कुलकर्णी झालेले नसीरुद्दीन शाह पुन्हा पुन्हा विचारतात, समजावतात, चिडतात. समोर नुसते दोन डोळे. एरवी अशा वेळी पडद्यावर संगीत येतं, आठवणी येतात, कुणीतरी त्याच्या वतीने बोलून टाकतं. इथे कॅमेरा त्या चेहऱ्यापाशी जाऊन थांबतो. त्याला घाई नाही. शेवटी बापाच्या चितेपाशी लहान्या जे करतो आणि जो टाहो फोडतो, तो ऐकून मी थिएटरबाहेर आलो आणि दादरपासून वसतिगृहापर्यंत चालत गेलो.

आमच्या धंद्यात उजेडाला फार मान. एकच लडी ट्यूबलाइटखाली एक रंग दाखवते आणि उत्तरेच्या खिडकीशी दुसरा. गिऱ्हाइकाच्या शेडकार्डाशी रंग जुळवायचा तर कुठल्या उजेडात बघतोय हे आधी ठरवावं लागतं. म्हणून असेल, पण 'आक्रोश'मधला अंधार मला लगेच कळला. त्यात काळ्या कातडीचे पदर दिसत होते. मग या माणसाने आधी काय काय केलंय ते शोधत सुटलो.

निहलानी मूळचे कॅमेऱ्याचे. बंगलोरच्या जयचामराजेंद्र पॉलिटेक्निकमध्ये छायालेखन शिकले, नंतर 'प्यासा' आणि 'कागज के फूल'चे छायालेखक व्ही. के. मूर्ती यांच्या हाताखाली उमेदवारी केली. स्वतंत्रपणे कॅमेरा हाती आला तो मराठी चित्रपटात. तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'वर सत्यदेव दुबेंनी १९७१ साली चित्रपट केला, त्याचं छायालेखन निहलानींचं. पुढे श्याम बेनेगलांबरोबर 'अंकुर', 'निशांत', 'मंथन', 'भूमिका', 'जुनून'. 'जुनून'च्या छायालेखनाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'मंथन'साठी गुजरातच्या पाच लाख दूधवाल्या शेतकऱ्यांनी दोन दोन रुपये घातले होते, हे मला आजही एखाद्या कथेसारखं वाटतं. तो चित्रपट २०२४ मध्ये नव्याने दुरुस्त होऊन कानच्या महोत्सवात दाखवला गेला.

कॅमेऱ्याकडून दिग्दर्शनाकडे आलेल्या माणसाला एक मोह असतो, चौकट देखणी करण्याचा. निहलानींनी तो मोह पहिल्याच चित्रपटात बाजूला ठेवला, असं माझं मत आहे. त्यांनी दिसण्यापेक्षा दाखवण्याची जबाबदारी मोठी मानली. आणि त्यासाठी ते मराठी लेखकांकडे वळले, हे आपण पुरेसं बोलत नाही. 'अर्धसत्य'ची मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची, पटकथा तेंडुलकरांची. 'पार्टी' महेश एलकुंचवारांच्या नाटकावरून. कराचीत जन्मलेल्या एका सिंधी माणसाने आपल्या लेखकांचा एवढा भार वाहिला.

१९८६ मध्ये पानिपतच्या एका निर्यातदाराकडे रंगखात्याची नोकरी मिळाली. पंजा दऱ्या, चादरी, पायपुसणी, सगळा माल परदेशी जायचा. वडिलांना पगाराचं काही नव्हतं. त्यांचं पहिलं पत्र आलं ते तिथल्या रणांगणावरच्या काला आमची चिमूटभर माती पाठव म्हणून. आपल्याकडे पानिपत म्हटलं की एकच तारीख असते, १४ जानेवारी १७६१. गावात मात्र ती तारीख कुणाच्या तोंडी नव्हती. गाव मागांच्या खडखडाटात बुडालेलं. जी.टी. रोडवर ट्रकांची रांग, सायकलरिक्षांवर सुताचे गठ्ठे, आणि संध्याकाळी गल्लोगल्ली रंगाच्या पाण्याने लाल-निळ्या झालेल्या नाल्या.

मॉडेल टाउनमध्ये एका घराच्या गच्चीवरची खोली भाड्याने मिळाली. मालक पन्नाशीतले, कांबळ्यांचे व्यापारी. त्यांना सगळे बाऊजी म्हणायचे, मीही म्हणू लागलो. त्यांच्या पत्नी, बीजी, यांनी पहिल्या आठवड्यातच माझा डबा बंद करवला आणि स्वयंपाकघरात ताट मांडलं. बीजी बोलायच्या, मुलं बोलायची, बाऊजी नाही. तुम्ही मूळचे कुठले असं विचारलं तर "मुलतान की तरफ़ के", पुढे कसे आलात विचारलं तर "बस, आ गए." एवढ्यावर विषय संपायचा. मी आग्रह धरला नाही. गप्प माणसाच्या समोर नुसतं बसून राहता येतं, हे मी लहान्या भिकूकडून शिकलो होतो. दिवसभराचं काम आटोपून आम्ही दोघं अंगणात खाटेवर बसायचो, ते हुक्का ओढायचे, मी शेडकार्डं चाळायचो.

जानेवारी १९८८ मध्ये दूरदर्शनवर 'तमस' सुरू झालं. भीष्म साहनींची फाळणीवरची कादंबरी, दिग्दर्शन निहलानींचं. 'गांधी' चित्रपटाच्या वेळी रिचर्ड ॲटनबरोंबरोबर काम करताना दिल्लीत ती कादंबरी त्यांच्या हाती लागली होती. ९ तारखेच्या शनिवारी रात्री बाऊजींच्या बैठकीत निम्मी गल्ली जमली. पहिलाच प्रसंग नत्थूचा. कोंदट खोपटात दिव्याच्या उजेडात तो डुकराच्या मागे धावतोय, घाम, धाप, पुन्हा धाव, आणि हे कशासाठी करवून घेतलं जातंय ते त्याला ठाऊक नाही. पडदा इतका काळोखा की शेजारचे एक गृहस्थ उठले आणि ब्राइटनेसचं बटण फिरवायला लागले. तेव्हा मागून बाऊजींचा आवाज आला, "मत छेड़. रात ऐसी ही थी."

खोलीतलं कुणीच हललं नाही. बीजींनी बाऊजींकडे पाहिलं तशी नजर मी त्यांच्या डोळ्यांत आधी कधी पाहिली नव्हती.

१३ तारखेला लोहडी. अंगणात शेकोटी पेटली, रेवड्या, शेंगदाणे वाटून झाले, पोरं पांगली. निखाऱ्यांपाशी आम्ही तिघंच उरलो आणि बाऊजी आपणहून बोलू लागले. १९४७ मध्ये ते अकरा वर्षांचे होते. वाटेत काय झालं ते त्यांनी तेव्हाही सांगितलं नाही, पुढेही नाही. त्यांनी सांगितलं ते पोहोचल्यानंतरचं. छावणीतले दिवस सरल्यावर त्यांच्या वडिलांना जुन्या शहरात, कलंदराच्या दर्ग्याच्या बाजूला, एक घर मिळालं. घर विणकराचं होतं. पानिपतचे मुसलमान विणकर तोवर पाकिस्तानात गेले होते. आत खड्ड्याचा माग तसाच, आणि मागावर अर्धा विणलेला खेस. धोटा ताण्याच्या कडेला ठेवलेला, जणू विणणारा पाणी प्यायला उठलाय. थंडी पडू लागली होती आणि पांघरायला काही नव्हतं. वडिलांनी दोन दिवस त्या मागाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी कात्रीने ताणा कापून तो खेस काढला, आणि तो पहिला हिवाळा तीन भावंडांनी त्याच्याखाली काढला.

"उसका नाम भी नहीं मालूम," एवढं म्हणून ते उठले.

दुसऱ्या दिवशी मी काला आमला जायला निघालो तर ते स्कूटर काढून उभे. तिथे तेव्हा विटांचा एक खांब, भोवती लोखंडी कठडा आणि चहूकडे गव्हाची हिरवी शेतं. मी भाऊसाहेब, विश्वासराव, जनकोजी शिंदे अशी नावं सांगत गेलो. ते मन लावून ऐकत होते. "और बाक़ी?" त्यांनी विचारलं. बाकीच्यांची नावं माझ्याकडे नव्हती. मी वडिलांसाठी माती रुमालात बांधली. ती त्यांनी देव्हाऱ्यात ठेवली, ते गेले तेव्हा आईने त्यांच्याबरोबर दिली.

मधेच बातमी आली की 'तमस'वर मुंबई उच्च न्यायालयात अर्ज झालाय आणि तिसऱ्या भागाच्या तोंडावर प्रक्षेपणाला स्थगिती मिळालीय. बाऊजी रोज सकाळी 'पंजाब केसरी' उघडून आधी तेच शोधायचे. न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी मालिका स्वतः पाहिली आणि स्थगिती उठवली. पुढे सर्वोच्च न्यायालयानेही ती दाखवण्याच्याच बाजूने कौल दिला. जखम दाखवली तर माणसं पुन्हा भडकतील असं अर्जदाराचं म्हणणं होतं. ज्या बैठकीत मी बसत होतो तिथे नेमकं उलटं घडत होतं. एकेका शनिवारनंतर गल्लीतली म्हातारी माणसं एकमेकांना विचारू लागली होती, तू कुठल्या गाडीने आलास, तुझं कोण मागे राहिलं. चाळीस वर्षं शेजारी राहून त्यांनी हे विचारलं नव्हतं.

साहनींनी स्वतः हरनामसिंग केलाय. चहाचं दुकान बंद करून म्हातारा म्हातारीला घेऊन रात्री निघतो, बंतो झालेल्या दीना पाठक मागे वळून वळून बघतात, आणि दार ठोठावलेल्या मुसलमान घरातली बाई, सुरेखा सिकरी, त्यांना आत घेते. तिच्या चेहऱ्यावर दया आणि भीती एकाच वेळी आहे, आणि कॅमेरा त्यातलं एकही निवडत नाही. या मालिकेचं छायालेखन व्ही. के. मूर्तींचं होतं. शिष्याच्या कामासाठी गुरूने कॅमेरा हाती घेतला, हे समजलं तेव्हा मला भरून आलं. बीजी त्या दोघा म्हाताऱ्यांसाठी पदर डोळ्यांना लावून रडल्या. भाग संपल्यावर त्यांनी आतून पेटी ओढली आणि खेस माझ्यापुढे उलगडला.

मी तो हातात घेतला, धंद्याच्या सवयीने खिडकीशी नेला, पण रात्र होती. सकाळी पुन्हा मागून घेतला. दुहेरी विणीचा, पांढऱ्यावर निळ्या चौकटी. वापरून वापरून मऊ झालेला, मधे दोन ठिकाणी रफू. निळा मात्र कुठेही उतरला नव्हता. नीळ वर्षांनुवर्षं इतकी टिकते ती लडी पुन्हा पुन्हा बुडवून, दर वेळी वाऱ्यावर धरून, घाई न करता रंगवली असेल तर. हे मी बाऊजींना सांगितलं. आपल्याला ज्याचं नावही ठाऊक नाही तो कारागीर चोख होता, हे ऐकून त्यांना किती बरं वाटलं ते मी पाहिलं.

निहलानी स्वतः त्याच वाटेने आलेले, हे मला नंतर कळलं. फाळणी झाली तेव्हा त्यांना सातवं वर्ष चालू होतं. घर कराचीहून उदयपूरला आलं. ज्या पानिपतातून विणकर गेले तिथलेच चित्रपटकार ख्वाजा अहमद अब्बास, कवी हालींच्या घराण्यातले, त्यांचीही माणसं ४७ मध्ये गाव सोडून गेली. सिनेमाच्या एकाच धंद्यात दोन दिशांनी उखडलेली माणसं होती. त्यातल्या एकाने 'तमस' केलं नसतं तर मी पानिपतहून फक्त काला आमची माती घेऊन परतलो असतो.

नंतर निहलानींनी 'द्रोहकाल' केला, महाश्वेतादेवींच्या कादंबरीवरून 'हजार चौरासी की माँ' केला. सगळंच मला सारखं भावलं असं नाही; 'देव' मला उपदेशाकडे झुकलेला वाटला. पण २०१७ मध्ये, शहात्तराव्या वर्षी, त्यांनी पहिल्यांदा मराठी चित्रपट दिग्दर्शित केला, 'ती आणि इतर'. मंजुळा पद्मनाभन यांच्या नाटकावरून. सोनाली कुलकर्णी, सुबोध भावे. बाहेरून बाईच्या किंकाळ्या ऐकू येतायत आणि आत सुशिक्षित माणसं जेवता जेवता चर्चा करतायत, कुणी उठत नाही. बाऊजींचा नातू तेव्हा पुण्यात शिकायला होता, त्याला बरोबर नेलं. त्याला मराठी येत नव्हतं, मी कानात सांगत होतो. थोड्या वेळाने त्याने हाताने खूण केली, नको, समजतंय.

बाहेर आल्यावर त्याने विचारलं, "अंकल, दादाजी ऐसी फ़िल्में देखते थे?" मी 'तमस'चं सांगितलं. त्याने पाहिलं नव्हतं, घरात कुणी बोललंही नव्हतं. खेस त्याला माहीत होता, तो कुठून आला ते नाही. त्याच रात्री माझ्याकडे पहिला भाग लावला. तो संपला तेव्हा त्याने पानिपतला फोन लावला आणि आजीला उठवून विचारायला सुरुवात केली.