आक्काच्या दारातली कुंती

गेल्या पौषात भाच्याचा फोन आला. "मामा, घराचं बांधकाम काढलंय. आईची कुंती तोडावी लागणार. तुम्ही गावाकडं नेता का?"

आक्का जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. तरी माझ्या तोंडून 'हो' निघेना.

१९७२च्या दुष्काळानंतर दाजी कामाला ट्रॉम्बेला गेले, मागोमाग आक्का. घर खाडीच्या अंगाला, दारात दोन हात जागा, तीही भरावाची. खणलं की विटांचे तुकडे. तिनं गुडघाभर खड्डा करून ते सगळे वेचून काढले आणि मला निरोप धाडला, शेणखत घेऊन ये. जालन्याहून रेल्वेत शेणखताचं पोतं! डब्यातल्या लोकांनी मला काय काय ऐकवलं ते इथं लिहीत नाही.

कुंती म्हणजे कढीपत्त्याच्या भावकीतलं झाड. बारा महिने हिरवंगार. पाऊस पडून गेला की पांढऱ्या फुलांनी भरतं, आणि मग कोळीवाड्यातल्या सुकटीच्या वासातही त्याचा घमघमाट वेगळा कळतो. मागून वाटाण्याहून थोडी मोठी, लांबट फळं धरतात. आधी हिरवी, मग नारिंगी, मग लालभडक. बुलबुल त्यांच्यावर तुटून पडतात. दाजींनी एकदा बंगल्यातल्यासारखं कात्रीनं झाड चौकोनी केलं. शेंडे गेले, त्या साली ना फूल ना फळ. आक्का आठ दिवस त्यांच्याशी धड बोलली नाही.

मग मी का अडलो? माझी तीनशे झाडं मोसंबी आहे. बदनापूरच्या मोसंबी संशोधन केंद्रावर ऐकलेलं डोक्यात पक्कं बसलंय. सायला नावाची बारकी कीड, बूड वर करून बसते, ती मोसंबीच्या कोवळ्या पालवीवर तशीच कुंतीवर नि कढीपत्त्यावरही वाढते. तीच ग्रीनिंग रोग पसरवते. पानं चट्ट्याचट्ट्यानं पिवळी पडतात, फळ वेडंवाकडं आणि कडू. त्यावर औषध नाही. मी दहावी शिकलेला माणूस, पण एवढं कळतं. बहिणीच्या मायेपोटी बाग पणाला लावायची?

तरी गेलो. एवढं जुनं खोड, मुळं विटांत अडकलेली, हलवणं शक्यच नव्हतं. लाल फळं तोडली, गर राखेत चोळून बी धुतलं आणि त्याच दिवशी दुधाच्या पिशव्यांत लावलं. कुंतीचं बी ताजंच लावावं, वाळवून ठेवलं की उगवण घटते. महिन्याभरानं भाच्यानं कळवलं, बावीस रोपं आली. गल्लीत ज्यांनी मागितली त्यांना दिली.

निघताना भाचा म्हणाला होता, "मामा, एक तरी फांदी न्या."

मी खोडाचा हातभर तुकडा घेतला. पानं, कोवळी डिरी, सगळं तिथंच ओरबाडून टाकलं. पिशवी दोनदा झटकली. कुंतीचं लाकूड चिवट, पिवळसर. गावच्या सुताराकडून खुरप्याला मूठ करून घेतली. तो म्हणाला, "दादा, मुठीसाठी मुंबईहून लाकूड?" मी म्हटलं, आक्काकडचं आहे.

आता मोसंबीच्या आळ्यातलं तण त्याच खुरप्यानं काढतो.