पंधरा हजारांच्या ओळखी

गेल्या मे महिन्यात बाबांचा फोन आला. "अगं, आपली वेबसाइट गूगलवर दिसत नाहीये. महिनाभर एक चौकशी नाही." मी ऑफिसच्या कॉलवर होते. "बघते," म्हणाले आणि विसरले.

भिवंडीत आमचा छोटा कारखाना आहे. १६ लूम, ग्रे कापड. इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षी मी त्याची वेबसाइट बनवली होती. काउंट, रीड-पिक, पन्हा, चार फोटो आणि बाबांचा नंबर, एवढंच. तरी महिन्याला पाच-सहा चौकश्या यायच्या, आणि त्यातली एखादी ऑर्डर दोन-तीन लूमना काम द्यायची.

पुढच्या शनिवारी घरी जाऊन सर्च कन्सोल उघडलं. मॅन्युअल ॲक्शन या भागात एकच ओळ होती : साइटकडे येणाऱ्या अनैसर्गिक लिंक. म्हणजे गूगलच्या माणसाने तपासून मारलेला शिक्का. लिंकची यादी उतरवली. ३१२ डोमेन, साडेचौदाशे लिंक. ऑनलाइन कॅसिनो, वजन कमी करायच्या गोळ्या, न कळणाऱ्या भाषेतले लेख, आणि प्रत्येकात मध्येच घुसवलेले तेच चार शब्द : भिवंडी ग्रे फॅब्रिक मॅन्युफॅक्चरर.

"बाबा, हे कोणी केलं?"

ते थोडा वेळ गप्प बसले. "एका एजन्सीला पंधरा हजार दिले होते. पहिल्या पानाची गॅरंटी म्हणाले. तू बिझी होतीस."

यावर मला काहीच बोलता आलं नाही.

त्यांना समजावताना मला भिवंडीचाच धंदा आठवला. इथे नवा माणूस उधारीवर सूत मागायला आला, तर पहिला प्रश्न असतो : कोणाच्या ओळखीने आलात? १९९८ साली लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्डमध्ये मांडलेलं पेजरँक याच प्रश्नावर उभं आहे. दुसरी साइट तुमची लिंक देते, म्हणजे तुमची ओळख देते. ओळख देणाऱ्याचीच पत मोठी असेल तर तिचं वजन जास्त. मग लोक ओळखी विकत घेऊ लागले. २४ एप्रिल २०१२ रोजी गूगलने पेंग्विन अपडेट आणून अशा साइट खाली ढकलल्या आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'या लिंक माझ्या धरू नका' असं सांगायची सोय दिली, ती म्हणजे डिसअव्हाव. २०१६ नंतर पेंग्विन अशा लिंककडे बहुतेक वेळा नुसतं दुर्लक्ष करतो. त्यामुळे चार फालतू लिंक दिसल्या म्हणून कोणी घाबरू नये. आमच्यावर मात्र शिक्का बसला होता.

"नवीन डोमेन घेऊ. हजार रुपयांत काम होईल," मी म्हणाले.

"बिलावर, कार्डावर हाच पत्ता आहे. एक तार तुटली म्हणून अख्खं बीम उतरवतात का?"

मग तीन शनिवार-रविवार आम्ही शेजारी बसून एकेक डोमेन उघडलं. शीटमध्ये एक रकाना : ठेव किंवा काढ. एक साइट अगदी जुनाट होती, लुकलुकणारी अक्षरं, अर्धे फोटो गायब. मी 'काढ' लिहिलं.

"थांब," बाबा म्हणाले. "हे मालेगावचे सूतवाले. दहा वर्षांचा व्यवहार आहे." त्यांनी आपल्या गिऱ्हाइकांच्या यादीत आमचं नाव घातलं होतं. ही खरी ओळख माझ्या हातून पुसली जाणार होती.

आधी ज्यांचे पत्ते मिळाले त्यांना लिंक काढायला मेल केले. थोड्यांनी काढल्या, दोघांनी काढायचे पैसे मागितले, बाकीच्यांनी उत्तरच दिलं नाही. जी डोमेन उरली ती एका टेक्स्ट फाइलमध्ये, एका ओळीवर एक, लिहून डिसअव्हावला दिली. मग पुनर्विचाराचा अर्ज. त्यात मी लिहिलं, 'आमच्या नकळत एका एजन्सीने...' तो नामंजूर झाला. काही लिंक सुटल्या होत्या, त्यातल्या दोन-तीन नमुन्यादाखल उत्तरात दिल्या होत्या.

दुसऱ्या अर्जाच्या वेळी बाबांनी मजकूर वाचून दाखवायला सांगितला. "नकळत कसं? पैसे मी दिले."

मी वाक्य बदललं : पैसे देऊन लिंक घेतल्या, ही आमची चूक. त्याखाली सुटलेल्या लिंकचा हिशोब दिला. शिक्का उठला. खरं लिहिलं म्हणून उठला असं मी म्हणणार नाही, साफसफाई या वेळी पुरी होती. पण तो अर्ज पाठवताना बाबा ताठ बसले होते.

साइट आता दुसऱ्या पानावर आहे. पहिल्या पानावरची ती जागा खोट्या ओळखींवर मिळाली होती, ती परत येणार नाही. महिन्याला दोन-तीन चौकश्या येतात.

सर्च कन्सोलचे मेल आता बाबांच्या फोनवरही जातात. प्रत्येक मेल ते मला पुढे पाठवतात, खाली दोन शब्द : 'हे काय?' बहुतेक वेळा काहीच नसतं. तरी मी त्याच दिवशी उत्तर देते.