बेकरचा चढ

लॉस एंजलिसहून लास व्हेगासकडे जाणाऱ्या १५ क्रमांकाच्या हमरस्त्यावर, मोहावीच्या वाळवंटात, बेकर नावाचे चिमुकले गाव आहे. काही खानावळी, पेट्रोलपंप आणि १३४ फूट उंचीचा एक उष्णतामापक खांब, एवढाच त्याचा संसार! १९९१ साली उभारलेल्या या खांबाची उंचीही उगीच ठरलेली नाही. उत्तरेकडच्या डेथ व्हॅलीत १० जुलै १९१३ रोजी पारा १३४ अंश फॅरनहाइटवर, म्हणजे सुमारे ५७ सेंटिग्रेडवर गेला होता. नागपूरच्या उन्हाळ्याचा अभिमान बाळगणाऱ्यांनी येथे एकदा येऊन जावे!

मोटारवाल्यांना मात्र धाक असतो तो पुढच्या चढाचा. बेकर समुद्रसपाटीपासून हजार फुटांच्या आतच. तेथून सतरा-अठरा मैलांत रस्ता हॅलोरन खिंडीत चार हजार फुटांवर जातो. खंडाळ्याच्या घाटात वाफा सोडत उभ्या राहिलेल्या मोटारी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना अधिक सांगणे नलगे.

२०२३ च्या जुलैत माझ्या भाच्याचे बिऱ्हाड याच वाटेने सॉल्ट लेक सिटीला निघाले. मोटारीमागे सामानाने भरलेला ट्रेलर. आत सूनबाई, दोन मुले आणि मी. कहोनचा घाट चढून बार्स्टोला पोहोचेपर्यंत गिअरपेटीच्या तेलाचा काटा भलताच वर गेला. इकडे बहुतेक मोटारींत गिअर आपोआप बदलतात. ते काम तेलाच्या दाबावर चालते, आणि ओझे ओढताना तेच तेल घुसळून तापते. फार तापले की ते काळे पडते, आणि मग गिअरपेटीच जळते. मुलांसह वाळवंटात अडकायचे, या विचाराने सूनबाईंचा चेहरा उतरला.

तेथील एका गॅरेजातल्या वृद्ध कारागिराने तेलासाठी निराळा कूलर बसवायचे सुचवले. भाचा मला म्हणाला, "मामा, रेडिएटर तर मुळातच तापलेला. तेल त्यात न्यायचेच कशाला? नुसत्या नव्या कूलरमधून फिरवू की!"

त्याने तीच शंका कारागिराला विचारली. म्हातारा हसला. "सॉल्ट लेकला डिसेंबरात बर्फ पडतो ना?" एवढेच त्याने विचारले, आणि मग समजावले. रेडिएटरच्या टाकीत तेलाची नळी असते. कडाक्याच्या थंडीत घट्ट झालेल्या तेलाला तेथले पाणीच ऊब देते. उन्हाळ्यात तेच पाणी तेलाची जास्तीची उष्णता काढून घेते; पण स्वतःहून थंड ते त्याला करू शकत नाही. म्हणून तेल आधी रेडिएटरात, तेथून पुढच्या वाऱ्यावरच्या कूलरात, आणि मग परत गिअरपेटीत. क्रम उलटला, तर वाऱ्याने निववलेले तेल रेडिएटरात जाऊन पुन्हा तापायचे!

रेडिएटरातून परतणारी नळी शोधून त्याने तीच कूलरला जोडली, उष्ण तेल सोसणारी रबरी नळी पट्ट्यांनी आवळली, आणि तेलाची पातळी दोनदा पाहिली.

बेकरच्या पायथ्याशी आम्ही वातानुकूलन बंद करून काचा उघडल्या. मुलांच्या डोक्यांवर ओले पंचे. सर्वांचे डोळे त्या काट्यावर! तो चढला, थबकला, आणि हॅलोरनच्या माथ्यापर्यंत तेथेच राहिला. सूनबाईंनी तेव्हा कोठे लाडवांचा डबा उघडला.

डिसेंबरात भाच्याचा फोन आला. बाहेर बर्फ साचले होते, आणि गाडी बिनतक्रार धावत होती. पुन्हा कधीही न भेटणाऱ्या गिऱ्हाइकाच्या हिवाळ्याची काळजी त्या म्हाताऱ्याने भर उन्हात वाहिली होती!