आधी वारसनोंद

बारामती

चि. बाळास,


फोनवर तू मला मध्येच तोडतोस, म्हणून लिहिते. दादाचा तेरावा होतो न होतो तोच अंथुर्ण्यात हक्कसोडीची बोलणी सुरू झाली. दोघी बहिणींना इंदापूरला दुय्यम निबंधकाकडे न्यायचं, सह्या घ्यायच्या, वहिनींचीही त्यातच उरकायची. साड्या आणून ठेवल्यास, हेही कळलं.

माझं म्हणणं एवढंच, की आधी सगळ्यांच्या नावानं वारसनोंद कर. हक्क सोडायचा की नाही ते त्या नंतर ठरवतील, डोळ्यांचं पाणी आटल्यावर.

वारसनोंदीला फार काही लागत नाही. मृत्यूचा दाखला, सातबारा, आठ अ, वारसांचं प्रतिज्ञापत्र. तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे कळवायचं. (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात म्हणतंय कोण!) ई-हक्क पोर्टलवरून घरबसल्याही अर्ज होतो. चौकशी होते, फेरफार पडतो, नोटीस निघते, पंधरा दिवसांत हरकत आली नाही तर मंडल अधिकारी नोंद मंजूर करतात. गोम आहे ती प्रतिज्ञापत्रात. मुली दिल्या घरी सुखी आहेत म्हणून त्यांची नावंच गाळायची, ही आपल्याकडची जुनी खोड. ती खोटी शपथ आहे, बाळ. आज खपेल. उद्या जमीन विकायला काढलीस किंवा रस्त्यात जाऊन तिचा मोबदला आला, की कुणीतरी ते उकरून काढतं आणि मग कोर्टाच्या तारखा.

दादाचं मृत्युपत्र मी वाचलंय. दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत. नोंदणी नाही, पण ती सक्तीची नसतेच, त्यावर मी बोट ठेवणार नाही. लासुर्ण्याकडचं रान दादानं स्वतःच्या कमाईतून घेतलं, ते तुला द्यायचा त्याला पूर्ण अधिकार होता. कालव्याखालची जमीन मात्र पणजोबांपासून चालत आलेली. तिथं दादा, वहिनी, तू आणि दोघी बहिणी असे पाच वाटे धरावे लागतात आणि मृत्युपत्र चालतं ते दादाच्या पाचव्या वाट्यापुरतं. महाराष्ट्रानं १९९४ सालीच मुलींना हा हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळलं. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीत ती अट गेली. मुलीचा हक्क जन्मापासूनचा, हे विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली स्पष्ट केलं. तेव्हा ‘थोरलीचं लग्न ९४ च्या आधीचं’ हे तुझं पालुपद आता सोड.

बँकेतल्या ठेवीला नॉमिनी तू, म्हणून पैसे तुझे, हेही खरं नाही. ज्यांचं कालनिर्णय आपल्या स्वयंपाकघरात टांगलेलं असतं, ते जयंतराव साळगावकर २०१३ मध्ये गेले. त्यांच्या मिळकतीवरून उठलेला नॉमिनीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. डिसेंबर २०२३ मध्ये निकाल लागला, की नॉमिनेशनमुळं वारसाहक्क बाजूला पडत नाही. बँक तुझ्या हातात पैसे देईल, ते वारसांसाठी सांभाळायला. आणि सोसायटीचं पीककर्ज फेडताना ‘हे सगळ्यांचं’ म्हणतोस, तर वाटाही सगळ्यांचाच.

खरा राग मला आला तो वहिनींच्या सहीचा. ऊस भवानीनगरच्या कारखान्याला जायचा तेव्हा तोडकऱ्यांच्या चहापासून पाटाच्या रात्रपाळीपर्यंत ती बाई दादाच्या बरोबरीनं उभी होती. आता उतरत्या वयात तिनं कशाला मोकळं व्हायचं? सातबाऱ्यावर नाव असलेल्या सासूला चहा वेळेवर मिळतो, हे मी चार घरं बघून सांगते. तुझी बायको चांगली आहे, तिच्यावर घेऊ नकोस. पण एकदा नोंदवलेलं हक्कसोडपत्र मनात आलं म्हणून माघारी घेता येत नाही.

मीही दादाला हक्कसोड दिलं, पण माझं नाव सातबाऱ्यावर लागल्यानंतर बऱ्याच वर्षांनी आणि माझ्या मर्जीनं. दादानं ते कधी मागितलं नव्हतं.

तेव्हा इंदापूरची खेप रद्द कर. वारसाच्या अर्जात पहिलं नाव वहिनींचं घाल, मग तुम्हा तिघांची. फेरफार मंजूर झाला की उताऱ्याची प्रत मला पाठव.

तुझी,
आत्या